मी राखलेलं गवत

लोकांना गवत कापू दिलं नाही, म्हणून माझ्या हातून एक अख्खा डोंगर जळाला.

काडी मी ओढली नव्हती. पण काडी ही वणव्यातली सगळ्यात किरकोळ वस्तू. वणव्याला तीनच गोष्टी लागतात : वाळलेलं गवत, वारा आणि एक माणूस. वारा आमच्या बालाघाटावर फुकट मिळतो. माणूसही कुठून ना कुठून येतोच. कुणी बांध पेटवतो, कुणी मध काढायला धूर करतो, कुणी बिडी टाकून पुढं जातो. राहिलं गवत. ते मी पुरवलं. अगदी सरकारी बंदोबस्तातलं, कमरेएवढं, काडीन् काडी राखलेलं.

मी वनखात्यात गार्ड होतो, म्हणजे वनरक्षक. निवृत्त होता होता वनपाल झालो, पण लोकांनी ती बढती काही मनावर घेतली नाही; त्यांच्यासाठी मी शेवटपर्यंत 'गारडसायेब'च राहिलो. मूळचा मी गेवराईकडचा, गोदाकाठचा. आमच्याकडं जमीन इतकी सपाट की पोरगं शाळेतून निघालं की घरातून दिसतं. डोंगर म्हणून आम्ही पाहिलेला तो वाळूचा ढीग, आणि तोही सकाळी उठून पाहावं तर जागेवर नसायचा. अशा माणसाला खात्यानं मांजरसुंब्याच्या घाटापासून लिंबागणेशच्या बाजूला पसरलेल्या एका डोंगराची राखण दिली. ऑर्डर हातात पडली तेव्हा मी बायकोला म्हटलं, "डोंगर काय, उभाच तर असतो. त्याला काय राखायचं?" पुढं आयुष्यभर तिनं मला हे वाक्य ऐकवलं.

डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आणि वाडीच्या वरच्या अंगाला पाझर तलाव. पाणलोट म्हणजे काय हे प्रशिक्षणात आम्हाला रंगीत नकाशे लावून शिकवलं होतं. मला कळलं ते वाडीत आल्यावर. डोंगरावरचं पाणी तलावात, तलावातलं विहिरीत, विहिरीतलं म्हशीच्या पोटात आणि तिथून दूध संस्थेच्या कॅनमध्ये. बस. वर डोंगर उघडा पडला की खाली कॅन रिकामा होतो.

ती दूध संस्था बायकांची होती. चेअरमन सुलोचनाबाई. अख्खी वाडी त्यांना अक्का म्हणायची. वाडीतल्या थोरल्या जमीनवाल्या घरातली सून. घरात दोन पिढ्यांचं राजकारण, त्यामुळं समोरच्याचं किती ऐकायचं आणि किती ऐकल्यासारखं दाखवायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. बाई अंगानं आडवी, आवाज उभा. संस्थेच्या ओट्यावर बसून त्या बोलल्या की तलावापलीकडच्या म्हशी मान वर करायच्या.

मी नवा होतो, अंगावर खाकी होती, आणि डोंगर राखायचा म्हणजे तिथं माणूस फिरकू द्यायचा नाही एवढंच मला कळत होतं. गवत कापायला वर आलेल्या प्रत्येक बाईचा विळा मी जप्त केला. चौकीत विळ्यांची एवढी रास झाली की तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "काय हो, लोहार ठेवलाय का?"

एकदा अक्का स्वतः चौकीत आल्या.

"सायेब, गवत वाळून चाललंय. कापू द्या. जनावरं खातील."

"अक्का, राखीव म्हणजे राखीव. त्यातली काडीसुद्धा सरकारची."

"सरकार खातंय का गवत?"

याला उत्तर नव्हतं, म्हणून मी नियम सांगितला. नियम ही फार सोयीची चीज आहे. उत्तर संपतं तिथून ती सुरू होते.

सलग काही पावसाळे मी असं गवत राखलं. जुनं वाळून पडायचं, त्यावर नवं यायचं, तेही वाळायचं. मी चौकीच्या दारात उभा राहून त्या सोनेरी डोंगराकडं बघायचो आणि छाती फुगायची. घरात रॉकेलचे डबे रचून ठेवणाऱ्यालाही बहुधा असाच आनंद होत असेल.

शिमग्याच्या पुढंमागं कुणीतरी नांगरटीआधी बांध पेटवला. बांधावरून आग माझ्या गवतात शिरली. मी धावत वाडीत गेलो. वाडीत माणूस म्हणावं असं कुणी नव्हतंच. सगळे ऊसतोडीला गेलेले. म्हातारी माणसं आणि मागं राहिलेल्या बायका ओट्यावर उभ्या राहून धूर बघत होत्या.

"अक्का, चला! सगळ्यांना घेऊन चला! डोंगर पेटला!"

अक्कांनी पदर सावरला. "गवत सरकारचं म्हणलात ना सायेब? मंग आग बी सरकारचीच."

आणि कुणी हललं नाही.

मी निरगुडीची फांदी तोडून एकटाच वर गेलो. आग फांदीनं झोडपायची असते, हे बरोबर. पण ती जळालेल्या बाजूला उभं राहून, पाठीमागून. मी पुढून गेलो, बैलाला थांबवावं तसा हात वर करून. आगीनं माझी उजवी मिशी घेतली आणि पुढं गेली. संध्याकाळपर्यंत डोंगर काळा झाला. खात्यानं लावलेली रोपं गेली. दुसऱ्या दिवशी राखेतून फिरताना एका दगडाच्या आडोशाला तितराचं घरटं दिसलं, अंडी जागच्या जागी उकडलेली. मिशी परत आली. ते घरटं मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

खरी शिक्षा पुढंच होती. पहिलाच मोठा पाऊस उघड्या डोंगरावर असा काही कोसळला की राख आणि माती एकदमच खाली आली. तलाव काळा झाला. म्हशी पाण्यापर्यंत जायच्या, वास घ्यायच्या आणि मागं फिरायच्या. त्या आठवड्यात अक्कांनी मला ओट्यावर बोलावून घेतलं. चहा समोर ठेवला. बिनदुधाचा, काळाकुट्ट. मी घोट घेतला आणि तोंडात वाळू लागली.

"अक्का, पत्ती जास्त झालीय."

"पत्ती टाकलीच न्हाई. ह्यो तुमच्या डोंगराचाच रंग हाय."

मी कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "पिऊन घ्या. आमच्या जनावरांना शेवटी हेच प्यावं लागतंय." मी प्यायलो. चुकीची चव कशी असते असं कुणी विचारलं तर मी सांगू शकतो : राखेची असते, आणि जरा कोमट.

त्या ओट्यावरच सगळं ठरलं. अक्का म्हणाल्या, गवत आम्ही कापू, पेटलं तर विझवूही आम्हीच. मी म्हणालो, मारवेलाचं, म्हणजे जनावरं आवडीनं खातात त्या गवताचं, बी जमिनीवर पडल्याशिवाय विळा लावायचा नाही, नाहीतर पुढच्या वर्षी नुसती टोचरी कुसळीच उगवेल. आणि शेळ्या नव्या रोपांत सोडायच्या नाहीत. त्यांनी मान्य केलं. दहा मिनिटांचं काम होतं. त्याला माझी कैक वर्षं आणि एक डोंगर लागला.

साहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "करा, पण मला माहीत नाही असं करा." खात्यात यालाच तत्त्वतः मंजुरी म्हणतात. पुढं वनसमितीचा रीतसर कागदही झाला, पण तोवर दोन हंगामांचं गवत म्हशींच्या पोटात गेलं होतं.

गवत कसं वाटायचं यावर वाडीत जुंपली. अक्कांचा दीर म्हणाला, "ज्याच्या दावणीला जास्त जनावरं त्याला जास्त गवत. हिशोब सरळ हाय." सगळ्यात मोठी दावण अर्थात त्याचीच. सगळे अक्कांकडं बघायला लागले. घरचाच माणूस, शिवाय निवडणूक जवळ आलेली.

अक्का म्हणाल्या, "गवत दावणीवर न्हाई मिळणार भावजी. विळ्यावर मिळंल. वर येऊन कापा, न्या."

दीर उठून गेला. पुढं बरेच दिवस त्या घरात दोन चुली पेटत होत्या, असं लोक सांगत. अक्कांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. मी खात्यात मोठमोठे अधिकारी पाहिले. स्वतःच्या घरात नियम लावणारं माणूस मात्र मी हे एकच पाहिलं.

आता जाळरेषेचं सांगतो, कारण या सगळ्या गोष्टीचा कणा तोच आहे. जाळरेषा म्हणजे डोंगराच्या अंगावर काढलेला आडवा उघडा पट्टा. त्यातलं गवत कापून न्यायचं, उरलेले खुंट वाळले की तिथंच जाळून टाकायचे. पुढं वणवा आला की त्याला या पट्ट्यात खायला काही मिळत नाही आणि तो उपाशी बसतो. ऐकायला सोपं आहे. पण हा पट्टा काढायला माणसं लागतात, आणि आमच्याकडं वणव्याच्या दिवसांत नेमकी माणसंच नसतात. दिवाळी झाली की ट्रक येतात आणि वाडी ऊसतोडीला निघून जाते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे कोयते गोळा करून मुकादम टोळी घेऊन जातो ती उन्हाळ्यातच परत येते. म्हणजे डोंगर जळायला तयार होतो तेव्हा विझवणारे हात दुसऱ्याच जिल्ह्यात ऊस तोडत असतात.

म्हणून रेषा त्यांनी जायच्या आधीच काढायची ठरली. आणि इथं गोष्टीत बाजीराव मुकादम येतो.

बाजीराव म्हणजे गळ्यात मफलर, तोंडात तंबाखू आणि बोलण्यात अख्खा पश्चिम महाराष्ट्र. कुठल्याही विषयाला त्याच्याकडं एक कारखाना तयार असायचा. मी त्याला रेषा दाखवायला घेऊन गेलो. कडेपर्यंत बघून तो म्हणाला, "सायेब, ह्यो तर फड हाय. फक्त तिरका पडलाय."

आणि त्यानं खरंच उसाचा फड वाटतात तसा डोंगर वाटला. एका कोयत्याला एक पट्टी. नवरा कापणार, बायको मोळ्या बांधून रेषेबाहेर टाकणार. दसऱ्यानंतरच्या त्या सकाळी मी पहिल्यांदा टोळी काम करताना पाहिली. अख्ख्या डोंगरावर विळ्यांचा एकच करकर आवाज, शेजारच्या पट्टीला मागं टाकण्याची चढाओढ, आणि त्यातून फेकलेल्या शिव्या-थट्टा.

"ए भागे, तुझा दादला झोपलाय का कापतोय?"

"झोपला तरी तुझ्या दादल्याच्या पुढंच हाय!"

मी खात्याच्या मजुरांकडून रेषा काढून घेतल्या होत्या. त्या रेषा कागदावरच सरळ असायच्या. ही रेषा दोरी लावल्यासारखी डोंगराच्या कुशीतून गेली. वाटेत घाणेरीची जाळी लागली की बाया ती मुळासकट उपटायच्या. घाणेरी ओलीसुद्धा भडकते. तिच्या जागी, पाणी मुरवायला खोदलेल्या समतल चरांच्या कडेनं सीताफळाच्या बिया टोचायच्या. आमच्या डोंगरात सीताफळाला लाड लागत नाहीत, आणि शेळी त्याला तोंड लावत नाही. बियांची सोय अशी, की दुपारच्या भाकरीनंतर सगळे सीताफळं खायचे आणि बी थुंकायचे ते चरातच. वनीकरणाची एवढी चविष्ट पद्धत मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

कापून झालं. आता जाळायचं. बाजीराव म्हणाला, "ते माझ्याकडं लागलं. अख्ख्या पश्चिम महाराष्ट्राचं पाचट मी जाळलंय." उसाचा वाळला पाला म्हणजे पाचट, ते जाळणं हा त्याचा हातखंडा. मी म्हणालो, "माझ्याकडं खात्याचं प्रमाणपत्र आहे." असे आम्ही दोन तज्ज्ञ एकत्र आलो.

त्यानं सांगितलं खालून लावा. मी सांगितलं उन्हं वर येऊ द्या, दव वाळलं पाहिजे. दोघांनी एकमेकांचा मान राखला आणि दोन्ही चुका केल्या. ऊन तापलं की वारा दरीतून वर चढतो. खालून लावलेली आग त्या वाऱ्यावर बसली आणि रेषा सोडून उडाली. बाजूचं उभं गवत अजून ओलसर होतं म्हणून बचावलं. पण रेषेच्या वर बायांनी रचून ठेवलेली वाळल्या गवताची पहिली गंजी होती. संस्थेच्या सगळ्या सभासदांच्या कष्टाची. ती आमच्या डोळ्यांदेखत फटफट जळाली.

बाजीराव म्हणाला, "ह्यांनी सांगितलं ऊन येऊ द्या."

मी म्हणालो, "ह्यानं सांगितलं खालून लावा."

अक्का वर आल्या. राखेकडं पाहिलं, मग आमच्याकडं. "भांडू नका. दोघांचं बी नाव राहील. उद्यापासून दोघं मिळून गंजी भरून द्या. बायकांचा एक विळा लागायला नको."

आम्ही भरून दिली. मुकादम आणि गार्ड शेजारी शेजारी बसून गवत कापतायत, हे बघायला शेजारच्या गावातून माणसं आली. एक जण तर पोराला खांद्यावर घेऊन आलता. कुसळीची कुसळं पँटीतून आत शिरून कुठं कुठं टोचतात, हे मला तेव्हा कळलं. ज्यांचे विळे मी जप्त केले होते त्यांना आधीपासूनच माहीत होतं. पण त्या फजितीतून आमची रीत बसली. सकाळी दहिवर ओलं असतानाच, वरच्या कडेनं, वाऱ्याच्या तोंडावर लावायचं. दोन्ही बाजूंना बारदानं भिजवून माणसं उभी करायची. पुढं कधी रेषेनं आम्हाला दगा दिला नाही. दगा दिला तो मीच, आणि त्यासाठीही दुष्काळाचंच साल गाठलं.

त्या वर्षी पाऊस पाठ दाखवून गेला. ज्वारी हाती लागली नाही. तलावाच्या तळाला चिखल राहिला, मग भेगा. वाडीला टँकर यायचा. भोवतालच्या गावांची जनावरं काही छावणीत गेली, बाकीची बाजारात. बाजारच्या दिवशी घाटातून गुरांनी भरलेले टेम्पो जायचे. आमच्या डोंगरावर मात्र मारवेल होता. नेहमीसारखा नाही, घोट्यापर्यंत, पण होता. थोडा कापून गंज्यांत रचलेला, उरलेला उभाच, उन्हाळ्यासाठी ठेवलेला. अक्कांनी सभासदांना ओट्यावर बसवून सांगितलं होतं, "डोंगर हाय तंवर कुणी दावं सोडायचं न्हाई. डोंगर गेला, तर मी सोताच टेम्पो बोलावते." अर्धी रिकामी का होईना, संस्था रोज दोन वेळा उघडायची. अख्ख्या टापूत तेवढीच चालू होती.

बाजीरावची टोळी नेहमीप्रमाणं रेषा कापून, जाळून गेली होती. माघात पानगळ झाल्यावर मागं राहिलेल्या बायांनी रेषा खराट्यानं झाडूनही घेतली. अंगण झाडावं तशी. फक्त एक जागा सोडून. ती मी झाडू दिली नव्हती.

त्या जागी मी पाटी लावली होती. साहेबांचा दौरा ठरला होता, आणि आपण काहीतरी दाखवावं असं माझ्या मनानं घेतलं. चांगली लाकडी पाटी, वर 'वणवा लावू नका' असं हिरव्या अक्षरांत, खाली हरीण. आमच्या डोंगरात हरीण नाही, पण पेंटरला तेवढंच येत होतं. ऐन रेषेच्या मध्यावर ती ठोकली. भोवती चुना लावलेल्या दगडांचं रिंगण, आणि शोभा यावी म्हणून त्या रिंगणात आणि दोन्ही बाजूंना गवत तसंच ठेवलं. बाया खराटे घेऊन आल्या तेव्हा मी म्हणालो, "इथं हात लावायचा नाही. साहेब येणार आहेत."

अक्का म्हणाल्या, "रेषंत गवत ठिवलंय कावून?"

"शोभेला."

त्या माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिल्या. साहेब काही आले नाहीत. वणवा आला.

घाटाच्या बाजूनं आला. कुठल्यातरी ढाब्याच्या मागं पत्रावळ्यांचा ढीग कुणी पेटवला होता, असं मागाहून कळलं. उन्हं कलली होती, ओट्यावर संध्याकाळचं दूध घालायला बाया जमल्या होत्या, आणि डोंगराच्या पलीकडून तो पिवळट धूर उठला. मी चौकीतून धावत आलो. "चला सगळ्या! वर जाऊन पुढूनच अडवू!" मिशी गेली तरी अक्कल आली नव्हती.

"कुणी वर जायाचं न्हाई," अक्का म्हणाल्या. "रेषंवर थांबायचं. रेषा कशाला काढली मंग?"

"अक्का, रेषा वीतभरसुद्धा रुंद नाही वाटत मला आता! ती नाही थांबवणार!"

"तुमीच काढून घेतली ना सायेब? तुमचाच इस्वास न्हाई?"

खरं सांगायचं तर नव्हता. मी रेषा काढायला शिकवलं होतं, भाषणं दिली होती, पण आग रेषेपाशी थांबते हे मी कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. मी एकटाच फांदी घेऊन वर गेलो, धुरात शिरलो, वारा फिरला, आणि चढायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्यात खाली आलो. बराचसा बसून. रेषेवर पोचलो तर बाया एका ओळीत उभ्या, हातात बारदानं, कुणी ओरडत नाही. आग धडधडत उतरत आली. मी डोळे मिटले. उघडले तर ती रेषेच्या कडेला येऊन थबकली होती. इकडं तिकडं जीभ फिरवली, काही मिळेना, आणि दमलेल्या बैलासारखी तिथंच बसली. डोंगराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. आयुष्यात मी एवढी देखणी गोष्ट पाहिली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळं, असं मी नंतर सांगितलं.

तेवढ्यात, बाळंतपणामुळं त्या वर्षी मागं राहिलेली भागाबाई ओरडली, "सायेब, तुमची पाटी!"

माझ्या शोभेच्या गवतावरून आग रुबाबात रेषा ओलांडून इकडं येत होती. हरीण पेटलं होतं. पाटीच्या मागं उभा मारवेल, त्याच्या खाली गंज्या, त्याच्या खाली वाडी.

बायांनी बारदानं मारायला सुरुवात केली. पण बारदानं सुकत चालली होती आणि भिजवायला पाणी नव्हतं. टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. घराघरांत प्यायपुरता हंडा. सगळ्या अक्कांकडं बघायला लागल्या. अक्कांनी खाली ओट्याकडं पाहिलं. तिथं संध्याकाळच्या दुधाचे कॅन भरून उभे होते.

"आणा वर," त्या म्हणाल्या.

"अक्का, दूध हाय ते!" कुणीतरी म्हणालं.

"माहीत हाय मला. आजचं गेलं तरी चालंल. ते गवत गेलं तर उद्यापासून दूधच न्हाई."

एकाही बाईनं माझं किती, तुझं किती विचारलं नाही. दुष्काळात, दावणीला हाडं दिसणाऱ्या म्हशी, त्यांच्या पान्ह्याचा थेंब थेंब. त्याच बाया ते कॅन दोघी दोघी कड्या धरून चढावर आणत होत्या. बारदानं दुधात बुडवली आणि आगीवर मारली. दूध जळाल्याचा तो वास उतू गेलेल्या पातेल्याचा, पण डोंगराएवढ्या पातेल्याचा. मीही मारत होतो, माझ्याच पाटीवर, आणि तिच्याइतका राग मला कधी कुणाचा आला नसेल. अंधार पडायच्या सुमाराला आग विझली. गंज्या वाचल्या. उभा मारवेल वाचला, पाटीमागची एक पथारीएवढी जागा सोडून. पाटीचे दोन खिळे मिळाले.

सगळे दमून रेषेवरच बसले होते. तेव्हा बायकोच्या नावानं संस्थेत दूध घालणारे म्हातारे किसननाना काठी टेकत वर आले. नानांचं दूध मशीनवर नेहमी पातळ भरायचं, आणि त्यावरून अक्कांशी त्यांचं रोजचं भांडण ठरलेलं. त्यांनी विझलेली जागा बघितली, वास घेतला आणि म्हणाले, "बघा अक्के, माज्या दुदात पाणी होतं म्हणूनच इझली. रोज नावं ठिवतेस."

आधी भागाबाई हसली, मग सगळ्या. अक्का इतक्या हसल्या की त्यांना रेषेवरच आडवं व्हावं लागलं. डोंगरावर राखेचा वास, तोंडं काळी, हात दुधानं चिकट, आणि बाया हसतायत. मला त्या वाडीतला सगळ्यात मोठा सण कुठला असं विचारलं तर मी त्याच संध्याकाळचं नाव घेईन.

त्या उन्हाळ्यात वाडीतलं एकही दावं सुटलं नाही. पुढं पाऊस आला तेव्हा तलावात पाणी आलं ते मातकट होतं, पण काळं नव्हतं. दोन दिवसांत निवळलं. अक्कांनी मला चहाला बोलावलं. दूध घातलेला.

एक मात्र मनाला लागून राहिलं. ज्या कोयत्यांनी ती रेषा काढली, त्यांनी, एक भागाबाई सोडली तर, आग तिथं थांबताना कधीच पाहिली नाही. डोंगर पणाला लागायचा तेव्हा ते दरवर्षी दूरच असायचे. बाजीराव परत आल्यावर मी त्याला रेषेवर घेऊन गेलो. वर काळा डोंगर, खाली पिवळा, मधून रेषा. तो रेषेच्या कडेकडेनं टोकापर्यंत चालत गेला. कुठल्याही कारखान्याचं नाव काढलं नाही. मग टोळीतल्या जोड्यांना एकेक करून वर आणलं आणि ज्याची त्याची पट्टी दाखवली. "ही तुमची पट्टी. हितं थांबलीय बघ." भागाबाईचा नवरा खाली बसला, आपल्या पट्टीच्या कडेवरून हात फिरवला आणि काळी बोटं बायकोला दाखवली. तिनं आग थांबताना बघितली होती; त्यानं मात्र फक्त हेच बघितलं.

माझी बदली आधीच व्हायची, पण वाडीनं दोनदा अर्ज करून थांबवली. का थांबवली हे मी कधी विचारलं नाही. उत्तर ऐकायची हिंमत नव्हती. निवृत्तीच्या दिवशी ओट्यावर कार्यक्रम केला. शाल, नारळ, आणि ज्यांचे विळे मी जप्त केले होते त्या बायांनी मिळून मला एक विळा भेट दिला. मी भाषणाला उभा राहिलो. डोंगराकडं हात केला. रेषेच्या वर-खाली सीताफळीची झाडं माझ्या डोक्याएवढी झाली होती.

"मी चाललो," मी म्हणालो, "पण एकच काळजी वाटते. माझ्यामागं या डोंगराला कोण राखणार?"

पहिल्या रांगेतून अक्का म्हणाल्या, "काळजी कावून करता सायेब? तुमी चाललात, म्हंजी डोंगर जळायचं एक कारण तर कमीच झालं की."